लाज, आत्मनिंदा आणि मनाचे बचाव : मराठी बोलव्यवहाराच्या आधारे एक विवेचन

रागावलेला मनुष्य 'मला राग आला आहे' असे सहज सांगतो. भ्यालेला मनुष्यही आपली भीती विश्वासातल्या माणसाजवळ बोलून दाखवितो. लाजेची गोष्ट निराळी आहे. जिला आपली लाज वाटते ती व्यक्ती तसे सांगण्यासही लाजते. त्यामुळे ही भावना शब्दांत येताना बहुधा वेष पालटून येते : कधी राग होऊन, कधी थट्टा होऊन, कधी मौन होऊन, तर कधी स्वतःवरील कठोर दूषणांच्या रूपाने. मानसशास्त्राने या वेषांतरांचा अभ्यास गेली शंभर-सव्वाशे वर्षे केला आहे. भाषेच्या अभ्यासकालाही या क्षेत्रात काही सांगता येण्याजोगे आहे, कारण वेष भाषेचा असतो. प्रस्तुत लेखात मराठीतील रोजच्या बोलण्याचा आधार घेऊन लाज म्हणजे नेमके काय, ती अपराधाच्या जाणिवेहून कोठे वेगळी पडते, मन तिच्यापासून आपला बचाव कसा करते आणि या सर्वांचा अध्ययन-अध्यापनाशी काय संबंध पोचतो, यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. शब्दांचे क्षेत्र

मराठीत या भावनेभोवती शब्दांचा मोठा परिवार आहे. 'लाज' हा शब्द संस्कृत 'लज्जा'पासून प्राकृतातून आलेला. 'शरम' फारसीतून आलेला. 'खजील' मूळ अरबी. 'अब्रू' हा शब्द फारसी 'आबरू'चे मराठी रूप असून त्यात 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा असे दोन घटक आहेत. चेहऱ्यावरचे पाणी, म्हणजेच तेज, ही प्रतिष्ठेची मूळ कल्पना होय. याखेरीज ओशाळणे, वरमणे, कानकोंडे होणे, संकोच, भीड, खंत, चुटपुट, रुखरुख, टोचणी असे कितीतरी शब्द आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. वरमतो तो बहुधा आपला जोर ओसरलेला मनुष्य. ओशाळतो तो आपले काही उघडे पडलेला. कानकोंडा होतो तो चारचौघांत कोठे पाहावे हे न कळणारा. संकोच कृती होण्यापूर्वीचा, तर चुटपुट ती होऊन गेल्यानंतरची.

'लाज' या एकाच शब्दात मात्र दोन परस्परभिन्न अर्थ नांदतात. 'लाज राखणे', 'लाज सोडणे', 'लाज गुंडाळून ठेवणे', 'लाज कोळून पिणे' या वाक्प्रचारांत लाज ही माणसाजवळ असावी अशी वस्तू आहे; ती नसणे हा दोष. याउलट 'मला लाज वाटली' या वाक्यात लाज ही एक वेदना आहे. ती वाटून घ्यावी असे कोणासही वाटत नाही. पहिली कुंपणासारखी, मर्यादा सांभाळणारी, दुसरी जखमेसारखी. फ्रेंच भाषेत या दोहोंसाठी 'प्युदर' आणि 'होंत' असे निरनिराळे शब्द आहेत. मराठीत शब्द एकच असल्यामुळे कुंपण आणि जखम यांची सरमिसळ होते. विशेषतः मुलींच्या बाबतीत लाज हा अलंकार मानण्याची परंपरा असल्याने जखमेलाही अलंकाराचे नाव मिळून जाते.

या सरमिसळीचा परिणाम केवळ कोशापुरता नाही. परभाषेत तयार झालेल्या मानसशास्त्रीय प्रश्नावल्या मराठीत आणताना 'तुम्हाला लाज वाटते का?' असा प्रश्न घातला, तर उत्तर देणारा कोणत्या लाजेविषयी बोलतो हे कळत नाही. शिवाय 'लाज वाटत नाही का?' हे मराठीत प्रश्नार्थक रूपातले दूषणच आहे. अशा प्रश्नास 'नाही' म्हणणे म्हणजे आपण निर्लज्ज आहोत अशी कबुली देण्यासारखे. मोजमापाचे साधनच ज्या भावनेला चाळवते, त्या साधनाने ती भावना मोजता येणे कठीण.

२. 'मी' आणि 'माझे कृत्य'

लाज आणि अपराधाची जाणीव यांतील भेद स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांना द्यावे लागते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी मानसोपचाराच्या बैठकींमधील संभाषणांच्या लेखी नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा : अपराधाच्या जाणिवेत मनाचे लक्ष केलेल्या गोष्टीवर असते, तर लाजेत ते करणाऱ्या 'स्व'वर असते. 'मी हे वाईट केले' आणि 'मी वाईट आहे' या दोन वाक्यांत जो फरक, तोच या दोन भावनांत. पुढे जून टॅंगनी व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या संशोधनात, ज्यांचा कल अपराधाच्या जाणिवेकडे असतो त्यांच्या ठायी दुसऱ्याविषयी सहानुभूती अधिक आढळली; उलट ज्यांचा कल लाजेकडे असतो त्यांच्या ठायी राग आणि दोष दुसऱ्यावर ढकलण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. लाज वाटली म्हणजे मनुष्य सुधारतो, हा लौकिक समज या निष्कर्षांपुढे टिकत नाही.

हा भेद मराठीच्या वाक्यरचनेत कसा उमटला आहे ते पाहण्यासारखे आहे. 'वाटणे' या क्रियापदाबरोबर अनुभव घेणारा 'ला' प्रत्यय घेतो आणि क्रियापद लाजेप्रमाणे चालते : 'त्याला लाज वाटली'. ज्याची लाज वाटते ते पद षष्ठीत येते. आता या षष्ठीच्या जागी काय काय बसू शकते? 'मला त्या वागण्याची लाज वाटते' यात कृत्य आहे. 'मला स्वतःची लाज वाटते' यात स्व आहे. 'मुलाला वडिलांच्या फाटक्या कोटाची लाज वाटते' यात आपल्या माणसाची परिस्थिती आहे. 'पोराला पाहुण्यांची लाज वाटते' यात पाहणारा आहे. एकाच रचनेत कृत्य, स्व, आप्त आणि प्रेक्षक अशी चारही स्थाने सामावतात. पश्चात्तापाचे तसे नाही. 'मला त्या बोलण्याचा पश्चात्ताप झाला' हे मराठी आहे. 'मला स्वतःचा पश्चात्ताप झाला' हे मराठी नाही. चुटपुट आणि रुखरुख यांचीही तीच गत : ती कृत्याची किंवा राहून गेलेल्या गोष्टीची लागते, माणसाची लागत नाही. लुईस यांनी उपचारांच्या नोंदींतून जे दाखविले, त्यास मराठी भाषकाची वाक्यरचनेची जाण स्वतंत्रपणे पुष्टी देते.

रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ साली जपानविषयक ग्रंथात काही संस्कृती लाजेवर आणि काही अपराधभावावर उभ्या असतात असा भेद केला होता. पौर्वात्य समाजात बाहेरच्या डोळ्यांची भीती आणि पाश्चात्त्य समाजात आतल्या न्यायाधीशाची, अशी सोयीची विभागणी त्यावरून पुष्कळांनी केली. परंतु 'जनाची नाही तर मनाची तरी' हा मराठी वाक्प्रचार ही विभागणी मान्य करीत नाही. त्यात दोन्ही न्यायालये एकाच माणसासमोर उभी आहेत आणि मनाचे न्यायालय अखेरचे मानले आहे. पाली ग्रंथांतील 'हिरि' आणि 'ओत्तप्प' ही जोडी याहूनही जुनी आहे. बौद्ध भाष्यपरंपरेत हिरि आतून उगम पावणारी आणि ओत्तप्प बाहेरच्या निंदेच्या भयातून येणारे, असा विवेक केला असून या दोहोंना जगाचे रक्षक म्हटले आहे. तेव्हा आतले आणि बाहेरचे हा भेद पूर्व-पश्चिमेचा नसून प्रत्येक समाजाच्या अंतरंगातला आहे.

३. शरीर आणि झाकपाक

लाज शब्दांत येण्यापूर्वी अंगावर येते. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ सालच्या आपल्या भावाविष्कारविषयक ग्रंथात चेहरा लाल होणे या क्रियेला एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि दुसरा आपल्याविषयी काय विचार करीत असेल हा विचारच तिच्या मुळाशी असतो असे प्रतिपादिले. भरताच्या नाट्यशास्त्रातही तेहेतीस व्यभिचारी भावांमध्ये 'व्रीडा' आहे. तोंड लपविणे, मान खाली घालणे, जमिनीवर रेघा ओढणे, वस्त्राशी किंवा अंगठीशी चाळा करणे, नखे कुरतडणे ही तिची लक्षणे तेथे सांगितली आहेत. पदवीच्या तोंडी परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याकडे पाहिले असता ही यादी जुनी झाली आहे असे म्हणवत नाही.

त्याच यादीत 'अवहित्था' नावाचा आणखी एक भाव आहे. अवहित्था म्हणजे आपल्या मनातील विकार चेहऱ्यावर दिसू न देणे. भरताने तिच्या कारणांत लज्जा, भय आणि पराजय यांची गणना केली आहे. म्हणजे लाज हा एक भाव आणि ती झाकणे हा दुसरा भाव, हे नाट्यशास्त्राने ओळखले होते. आधुनिक मानसशास्त्र ज्याला बचाव म्हणते त्याची कल्पना येथे बीजरूपाने आहे. फरक इतकाच की, अवहित्था जाणीवपूर्वक असू शकते, तर आधुनिक अर्थाचा बचाव करणाऱ्यास आपण बचाव करीत आहोत हे बहुधा ठाऊक नसते.

४. बचावाच्या चार वाटा

बचावाची कल्पना सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ सालच्या निबंधात मांडली आणि त्यांची कन्या अॅना फ्रॉइड यांनी १९३६ साली तिला शिस्तबद्ध ग्रंथरूप दिले. दरम्यान १९०८ साली अर्नेस्ट जोन्स यांनी मागाहून शोधलेल्या सोयीस्कर कारणाला एक स्वतंत्र संज्ञा दिली. तिला मराठीत समर्थनीकरण म्हणता येईल. लाजेपुरते पाहावयाचे तर डोनाल्ड नेथनसन यांनी १९९२ साली केलेली मांडणी विशेष सुटसुटीत आहे. लाजेच्या आघातानंतर मन चार दिशांनी जाऊ शकते : माघार घेणे, स्वतःवर तुटून पडणे, टाळाटाळ करणे आणि दुसऱ्यावर तुटून पडणे.

मराठी म्हणींच्या संग्रहात यांपैकी बहुतेक दिशांचे नकाशे तयार आहेत. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही उणिवेचे कारण बाहेर शोधण्याची रीत. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' हे समर्थनीकरण. 'पडलो तरी नाक वर' हा घडलेल्याचा इन्कार. 'वड्याचे तेल वांग्यावर' हे भावनेचे स्थानांतर : कचेरीत साहेबाने केलेला पाणउतारा रात्री घरातल्या मुलाच्या पाठीवर उतरतो. 'चोराच्या उलट्या बोंबा' हा दुसऱ्यावरचा हल्ला. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही तर माघारीला शहाणपणाचा दर्जा देणारी म्हण आहे.

येथे एक गोष्ट लक्षात येते. ज्या बचावांची झळ दुसऱ्याला लागते त्यांची या म्हणी थट्टा करतात. परंतु जो मनुष्य स्वतःवरच तुटून पडतो त्याला चिमटा काढणारी, इतकी सर्वतोमुखी झालेली म्हण चटकन आठवत नाही. याचे कारण उघड आहे. आत्मनिंदा ही बाहेरून विनयासारखी दिसते. ती करणाऱ्याला समाज बचाव करणारा मानीत नाही, प्रामाणिक मानतो. वस्तुतः पुष्कळदा तीही ढालच असते. दुसऱ्याने मारण्यापूर्वी स्वतःला मारून घेतले म्हणजे दुसऱ्याचा हात थबकतो. 'मी अगदीच नालायक आहे' असे म्हणणाऱ्यापुढे 'तुमचे तिसरे प्रकरण अपुरे आहे' ही साधी टीका करणेसुद्धा क्रूरपणाचे वाटू लागते. ऐकणारा टीका गिळतो आणि समजूत घालू लागतो. प्रकरण मात्र अपुरेच राहते.

सर्वच बचाव सारखे अपायकारक नसतात. जॉर्ज व्हेलंट यांनी १९७७ साली हार्वर्डच्या पदवीधरांच्या दीर्घकालीन पाहणीवरून बचावांची अपरिपक्व ते परिपक्व अशी श्रेणी लावली. विनोद, परोपकार आणि ऊर्जेचे उन्नयन हे त्यांच्या मते परिपक्व बचाव होत. स्वतःच्या फजितीवर इतरांसह हसता येणे आणि लाज 'हसण्यावारी नेणे' या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी पहिलीत चूक मान्य केलेली असते, दुसरीत ती उडवून लावलेली असते.

५. व्याकरणाची ढाल

एखादा कप फुटला असता मराठी भाषकापुढे निदान तीन वाक्ये असतात : 'मी कप फोडला', 'माझ्या हातून कप फुटला' आणि 'कप फुटला'. पहिल्यात कर्ता पूर्णपणे पुढे आहे. तिसऱ्यात तो नाहीच. मधले वाक्य विशेष मोलाचे आहे. त्यात घटना आपल्याशी जोडलेली आहे, पण हेतू नाकारलेला आहे. अपराधाची जाणीव लाजेत न बुडता व्यक्त करण्यासाठी 'माझ्या हातून चूक झाली' यासारखी सोय क्वचितच सापडेल : कृत्य माझे आहे, परंतु मी म्हणजे ते कृत्य नव्हे.

तथापि व्याकरणावरून मनाचे निदान करताना सावध राहिले पाहिजे. 'उशीर झाला' ही मराठीची सर्वसाधारण रचना आहे. ती वापरणारा प्रत्येक मनुष्य जबाबदारी टाळतो असे मानणे अन्यायाचे होईल. रचनेचा अर्थ पर्यायांच्या पार्श्वभूमीवरच कळतो. जो मनुष्य यश सांगताना 'मी केले' म्हणतो आणि अपयश सांगताना 'झाले' म्हणतो, त्याच्याबाबतीतच ही निवड बोलकी ठरते. सार्वजनिक जीवनातील 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे' हे वाक्य या दृष्टीने तपासावे. त्यात दुखावणारा नाही, दुखावलेला अनिश्चित आहे आणि दुखावणे 'असल्यास' या संकेतार्थात लोंबकळत आहे. क्षमायाचनेचा विधी पार पडतो. कृत्याची मालकी कोणाकडेच जात नाही.

आत्मनिंदेचे व्याकरण याच्या नेमके उलट असते. तेथे क्रियापद मागे सरते आणि विधिविशेषण पुढे येते. 'मी मूर्खपणा केला' याला काळ आहे, शेवट आहे. 'मी मूर्ख आहे' याला दोन्ही नाहीत. केलेले निस्तरता येते, असलेले निस्तरता येत नाही.

स्वतःशी बोलताना माणूस कोणता पुरुष वापरतो हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक संख्येने २०५ असून त्यांत मनाला समोर बसवून संबोधिले आहे. तुकोबांच्या अभंगांतही स्वतःच्या मनाशी उघड वाद आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात लेखकाची दोन रूपे, शिकलेला पवार आणि मागे राहिलेला दगडू, एकमेकांसमोर येतात. समाजाने लादलेली लाज सांगण्यासाठी लेखकाला 'मी'चे दोन भाग करावे लागले. ईथन क्रॉस व सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तणावाच्या प्रसंगी 'मी' न वापरता स्वतःच्या नावाने किंवा दुसऱ्या पुरुषात स्वतःशी बोलणाऱ्यांना भावनिक त्रास कमी झाला आणि नंतरचे कुढणेही कमी झाले. मनाला 'तू' म्हणण्यात अंतर निर्माण होते. मात्र त्या अंतराचा उपयोग समजुतीसाठी करावयाचा की आसूडासाठी, हे बोलण्याच्या सुरावर अवलंबून राहते. आपल्या आतल्या टीकाकाराचा सूर शत्रुत्वाचा आहे की हितचिंतकाचा, हाच पॉल गिल्बर्ट यांच्या करुणाकेंद्रित उपचारपद्धतीतला एक मुख्य प्रश्न आहे.

६. वर्गातील लाज

या विवेचनाचा विद्यापीठीय जीवनाशी सर्वांत निकटचा संबंध बोलीच्या संदर्भात येतो. ज्या विद्यार्थ्याच्या घरी 'पानी' म्हणतात, तो वर्गात 'पाणी' हा उच्चार कानी पडताच आपल्या घरचा उच्चार 'अशुद्ध' ठरल्याचे शिकतो. 'अशुद्ध' हे विशेषण शब्दाला लावलेले असते, परंतु ते बोलणाऱ्याला चिकटते. ज्या समाजात शुद्ध-अशुद्धाचा भेद शतकानुशतके माणसांना लावला गेला, तेथे हे चिकटणे अधिकच खोल जाते. उच्चार हे कृत्य असून त्याची लाज 'स्व'ची लाज होते, आणि षष्ठीची चारही स्थाने एकदम भरतात : बोलण्याची लाज, स्वतःची लाज, घरच्यांची लाज, ऐकणाऱ्यांची लाज.

मग बचाव सुरू होतात. विल्यम लबॉव्ह यांनी १९६६ सालच्या न्यूयॉर्क शहरातील भाषाविषयक ग्रंथात दाखविले की, अत्यंत काळजीपूर्वक बोलताना कनिष्ठ मध्यमवर्ग प्रतिष्ठित उच्चार वरच्या वर्गापेक्षाही अधिक प्रमाणात वापरतो. या अतिदुरुस्तीच्या मुळाशी त्यांनी भाषिक असुरक्षितता पाहिली. मराठीतही 'न' आणि 'ण' यांविषयी धास्तावलेल्या बोलणाऱ्याच्या तोंडी जेथे 'न' हवा तेथेही 'ण' येतो आणि हसे टाळण्याच्या प्रयत्नातूनच नवे हसे होते. दुसरा बचाव मौनाचा. वर्षभर शंका न विचारणारा विद्यार्थी निर्बुद्ध किंवा बेफिकीर असल्याचा निष्कर्ष काढला जातो. त्याने झाकली मूठ पत्करली आहे हे ध्यानात येत नाही. तिसरा बचाव उलट दिशेचा : सतत अपमान सोसून मनुष्य 'कोडगा' होतो. कोडगेपणा म्हणजे लाजेचा अभाव असे समजले जाते. पुष्कळदा तो अति झालेल्या लाजेवर धरलेला घट्टा असतो.

संशोधनाच्या मार्गदर्शनातही हीच साखळी दिसते. प्रकरण वेळेवर झाले नाही म्हणून विद्यार्थी मार्गदर्शकांना भेटण्याचे टाळतो. न भेटल्याने विलंब वाढतो. विलंबाने लाज वाढते आणि लाजेने भेट आणखी लांबते. अशा वेळी 'तुम्हाला काही वाटते की नाही?' हा प्रश्न साखळीतली आणखी एक कडी होतो, कारण त्याला नेमके जे वाटते आहे त्यानेच तो दारापाशी अडखळलेला असतो. याउलट 'जे झाले आहे तेवढे घेऊन या' हे वाक्य स्वतःवरचे लक्ष कामावर वळविते. लाजेचे खंतीत रूपांतर करण्याचे काम एवढ्या एका वाक्यानेही होऊ शकते. आणि खंत, लाजेप्रमाणे दार बंद करून न घेता, हातांना काम देते.

यावरून टीका मवाळ असावी असा अर्थ काढणे चुकीचे होईल. टीका कठोर असावी, पण ती क्रियापदावर असावी, नामावर नसावी. कोणते विधान निराधार आहे, कोणता दाखला चुकीचा आहे, कोणते रूप प्रमाणभाषेत कसे लिहितात, हे स्पष्ट सांगावे. विद्यार्थी कसा आहे, कोठून आला आहे, त्याच्या घरी कसे बोलतात, हे त्या वाक्याच्या कक्षेबाहेर ठेवावे. 'प्रमाण' आणि 'शुद्ध' या दोन शब्दांमधला फरक भाषाशास्त्राच्या पहिल्याच पाठात शिकविला जातो. तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेइतकाच मौखिक व्यवहारातही पाळला गेला, तर अनेक झाकल्या मुठी आपण होऊन उघडतील.